छत्रीखालची गिटार

माझी नात चिंचोळी एमआयडीसीत इंजिनिअर आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती कामावरून आली ती फुरंगटूनच. जेवली नाही, कुणाशी बोलली नाही. मला वाटलं, कारखान्यात काही बिनसलं असेल, किंवा त्या वयात बिनसतं ते दुसरं काहीतरी असेल. शेवटी तिच्या आईनं खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. परदेशातला एक रॉक बँड कॉलेजपासून तिचा जीव की प्राण. त्या बँडनं नव्या गाण्यांतून गिटार काढून टाकली आणि सगळं यंत्रावर वाजवलं. "आजोबा, विश्वासघात केलाय त्यांनी आमचा," ती म्हणाली. तिच्या मोबाइलवर तिच्यासारखे हजारो लोक त्या बँडला शिव्या घालत होते आणि दुसरे हजारो त्या शिव्या घालणाऱ्यांना.

मला हसू आलं आणि तिला आणखी राग आला. पण मी तरी काय करणार? तिच्या बँडनं गिटार काढली म्हणून लोक चिडले. माझ्या बँडनं गिटार घातली म्हणून चिडले होते. शिव्या त्याच. फक्त आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या शिव्या जास्त सुरात होत्या.

मी तेहतीस वर्षं सोलापुरात बँड चालवला. रॉक नव्हे, ब्रास. मोठ्या ढोलावर तांबड्या अक्षरांत 'दिलखुष ब्रास बँड' असं रंगवलेलं होतं. लग्नात नवरदेवाच्या पुढे चालायचं आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसायचं, असा आमचा मान. लोक मला मास्तर म्हणायचे. शाळा मी चौथीत सोडली, पण कोटाला सोनेरी झालर लागली की माणूस मास्तर होतो.

बाहेरच्याला बँड म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. पण त्या गोंगाटालाही रीत असते. पुढे दोन क्लॅरोनेट, मागे चार ट्रम्पेट, त्यांच्या मागे पोटाशी धरायचे दोन मोठे पितळी बाजे, मग साईडड्रम, ढोल, झांज. खुळखुळेवाला कुठेही चालतो. तो सहसा मालकाचा मेव्हणा असतो, आमच्यातही होता. यातलं गाणं म्हणतं ते एकटं पहिलं क्लॅरोनेट. बाकीचे त्याच्या मागून हो हो म्हणतात. आणि हे सगळं मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, लोकरीचा कोट गळ्यापर्यंत बंद करून.

आमचं पहिलं क्लॅरोनेट म्हणजे महबूबचाचा. माझे गुरू. बँड माझ्या वडिलांचा होता, पण वाद्य माझ्या हातात दिलं ते चाचानं. बुटका, काटक माणूस, बोलणं तोलून. त्याचा वरचा पुढचा एक दात कित्येक वर्षं हलत होता. डॉक्टर म्हणायचा काढा, नाहीतर सूज वर चढेल. चाचा काढू देत नव्हता. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं. दात गेला की पकड गेली. दर दोन महिन्यांनी गाल सुजायचा, आणि चाचा लवंग धरून वाजवायचा.

चाचाच्या दोन गोष्टी गावाला माहीत होत्या. एक म्हणजे 'चाचाचा चौक'. मिरवणूक कुठल्याही चौकात आली की तो हात वर करायचा. सगळा बँड गप्प. मग तो एकटा एक लांब सूर धरायचा, इतका लांब की बघणारे स्वतःचा श्वास धरायचे. तो सूर हळूहळू वळवून खाली आणायचा आणि जमिनीला टेकला की ढोल पडायचा. त्या ढोलाच्या थापेला माणसं अक्षरशः किंचाळायची.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचाची उन्हातली परेड. निघायच्या आधी तो आम्हा सगळ्यांना भर उन्हात पाव तास उभं करायचा. वाजवायचं नाही, नुसतं वाद्यात फुंकत राहायचं. मगच सूर जुळवायचा. बाजूला मांडवाची गार सावली, पाण्याचा माठ, आणि आम्ही शिक्षा झाल्यासारखे उन्हात. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाजेवाले पाठीमागे त्याला शिव्या द्यायचे. मीही द्यायचो.

चाचाचा सगळ्यात मोठा भक्त सिद्रामअण्णा. गिरणीत जॉबर होता, म्हणजे वीस-पंचवीस मागवाल्यांवरचा मुकादम. पाळी सुटली की बँड कुठे वाजतोय ते विचारत यायचा आणि ओळख ना देख, कुणाच्याही लग्नात ढोलाच्या पुढे चालायचा. एकदा नवरीकडच्यांनी त्याला नवऱ्याचा मामा समजून टोपी-उपरणं दिलं, तेही त्यानं घेतलं. त्याची मुलगी महानंदा पाळण्यात होती तेव्हाच त्यानं चाचाकडून शब्द घेतला होता, "हिच्या लग्नात माझ्या दारापुढं चौक वाजवायचा. दुसरं कायबी मागत न्हाय."

बहात्तरचा दुष्काळ सरला, अडून राहिलेली लग्नं एकदम निघाली, आणि नेमकी तेव्हाच सोलापुरात ऑर्केस्ट्र्याची साथ आली. चकचकीत शर्टातली माणसं थिएटरात विजेची गिटार वाजवून गेली आणि आमच्या खोलीवर सुपारी द्यायला येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "गिटार हाय का तुमच्यात?" सुपारी म्हणजे आमच्या धंद्यात बोलावणं पक्कं करणं. हल्ली तो शब्द दुसऱ्याच धंद्यानं पळवलाय. त्या मोसमात नाही म्हटलं की गिऱ्हाईक जिना उतरायचं. दोन आठवड्यांत मी इतक्या पाठी बघितल्या की माझा निर्धार झाला.

गिटारवाला मिळाला तो नरसिंग. पद्मशाली घरातला, दिवसा चादरीच्या मागावर बसणारा, रेल्वे कॉलनीतल्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे गिटार शिकलेला. तिशीचा, लाजरा, हाताचा गोड. गिटारला आवाज हवा म्हणून मी हातगाडी घेतली, तिच्यावर मोटारीची बॅटरी, आवाज मोठा करायचं यंत्र आणि निवडणुकीच्या प्रचारात घसा फुटेपर्यंत ओरडून झालेला एक भोंगा चढवला. नरसिंग त्या गाडीला वायरनं जोडलेला, दावणीच्या वासरासारखा. गाडी खड्ड्यात गेली की वायर निसटायची आणि गिटार मुकी व्हायची. उन्हानं लाकूड तडकेल म्हणून त्यानं गाडीला एक मोठी काळी छत्री बांधली. गिटार छत्रीखाली, नरसिंग छत्रीखाली, आम्ही बाकीचे लोकरीत.

चाचाला हे आवडणार नाही, असं मी गृहीत धरून चाललो होतो. त्यानं गिटार हातात घेऊन बघितली, एक तार छेडली आणि म्हणाला, "अच्छी है. बजने दे." एवढंच. खरं तर इथेच प्रश्न मिटला होता. पण भोंग्यापुढे क्लॅरोनेट ऐकू येईना. भोंगा कमी करावा तर गिऱ्हाईक म्हणणार, गिटार कुठाय? म्हणून मी चाचाला दुसऱ्या ओळीत घेतलं. मग चौक गिटारला दिला. उन्हातली परेडही बंद केली, कारण गिटार उन्हात काढायची नाही असं ठरलेलं. आता सगळे मांडवात, पंख्याखाली, माठातलं पाणी पिऊन सूर जुळवू लागले. बाजेवाल्यांनी मला दुवा दिला. चाचा आणखी तीन लग्नांना आला, चौथ्यापासून आला नाही. मी सगळ्यांना सांगितलं, चाचाला गिटार पसंत पडली नाही. पहिलं क्लॅरोनेट त्या दिवसापासून माझ्याकडे आलं, हेही सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही मला साधा समजाल.

चाचाशिवायची पहिली मिरवणूक नवी पेठेतून निघाली आणि मला काहीतरी खटकायला लागलं. गिटार एकीकडे आणि बँड दुसरीकडे. निघताना सूर दुधात साखर विरघळल्यासारखा जुळला होता. अर्ध्या तासात ती साखर खड्यासारखी दाताखाली यायला लागली. परत आल्यावर मांडवात बसून तपासलं तर सूर पुन्हा बरोबर. दुसऱ्या लग्नात तेच, तिसऱ्यात तेच. मी आधी नरसिंगच्या कानाला दोष दिला, मग बॅटरीला, मग भोंग्याला. एकदा नरसिंग हळूच म्हणाला, "मास्तर, चाचांना विचारून येऊ का? कायतरी चुकतंय आपलं." मी म्हणालो, "मास्तर मी आहे की चाचा?" त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

आणि गावानं काय केलं? गावाचे उभे दोन तुकडे झाले. आमचे कोट शिवणारा शिंपी म्हणाला, गिटारवाल्याच्या मापाला मी टेप लावणार नाही. नरसिंगच्या गल्लीतले लोक आमचा माणूस म्हणून नाचायचे, ते गिटार बंद पडली तरी नाचायचे. खोलीच्या दारावर कुणीतरी खडूनं 'बँड विकणे आहे' असं लिहून गेलं. ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी बँडला सुपारी दिली नव्हती तेच सगळ्यात जास्त चिडले होते. हा नियम मी तेव्हा शिकलो, आणि नातीच्या मोबाइलवर बघितलं तर अजून बदललेला नाही.

सिद्रामअण्णा गिरणीतले आठ-दहा जण घेऊनच खोलीवर आला. चहा घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

"मास्तर, बँड मोडलात बे तुमी," तो म्हणाला. "चाचाच्या चौकाला अंगावर काटा यायचा. आताबी येतोय, पर ह्यो काटा येगळा. दात आंबल्यासारका."

"लोकांना हवंय अण्णा. जमाना बदलला."

"जमाना बदलू दे की. सूर कशापायी बदलायचा?"

त्याला अर्धवट का होईना, ऐकू येत होतं. मी मात्र त्याला जुन्या वळणाचा माणूस म्हणून वाटेला लावलं. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "महानंदाचं लगीन ठरलंय. चाचा येनार न्हवं? शबूद हाय त्येंचा."

"येणार म्हणजे? येणारच," मी म्हणालो. चाचाला भेटून मला महिना झाला होता.

दुसरा पक्षही खोलीवर आला. एक प्राध्यापक होते. मूळचे मोडनिंबचे, सोलापुरात कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. खिशाला दोन पेनं, तोंडात सतत 'तिकडे'. ते दर मिरवणुकीत छत्रीच्या बाजूनं चालायचे, डोळे मिटून. एकदा माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही काय करताय ते तुम्हाला माहीत आहे का?" मला खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हे दोन सूर एकमेकांना मुद्दाम घासतात ना, त्यात आजचा माणूस आहे. त्याचं तुटलेपण आहे. तिकडे हे आत्ता सुरू झालंय आणि तुम्ही इथे, नवी पेठेत!" मी मान डोलावली. मी चूक शोधून शोधून हैराण, आणि हा शहाणा माणूस तीच चूक पोटाशी धरून बसलेला. वाईट एवढंच की मला ते गोड वाटलं. दोन-तीन दिवस मी घरात 'प्रयोग' हा शब्द वापरून बघितला. बायकोनं विचारलं, "भात करपलाय, त्यालाबी प्रयोगच म्हणायचं का?"

योग असा की महानंदाचा नवरा म्हणजे या प्राध्यापकांचा धाकटा भाऊ. म्हणजे मुलीचा बाप म्हणतो चाचाचा चौक पाहिजे, आणि मुलाचा थोरला भाऊ म्हणतो गिटार पाहिजे, नाहीतर मिरवणूक जानवशातून हलणार नाही. जानवसा म्हणजे वऱ्हाडाचा उतारा. इथे तो नवी पेठेजवळच्या एका शाळेत होता. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो आणि मग मांडवात येतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. मुहूर्त साडेबाराचा. म्हणजे परण्या अकराला, वैशाखात.

मी दोघांनाही हो म्हणालो होतो. मालकाचं निम्मं कौशल्य यातच असतं. चाचाकडे जायचं रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं. बेगम पेठ माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. काम निघत नव्हतं, मी काढत होतो. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत नव्हती.

लग्नाच्या दिवशी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सावलीत सूर जुळवला, छान जुळला. परण्या निघाला. नवी पेठेच्या तोंडाशी येईपर्यंत साखरेचे खडे व्हायला सुरुवात झाली. वऱ्हाडातली पोरं मात्र बेभान नाचत होती. प्राध्यापक छत्रीशेजारी डोळे मिटून चालत होते. चौक आला, नरसिंगनं गिटारवर लांब सूर धरला, मागून मी क्लॅरोनेट उचललं, आणि दोन मांजरं एका पोत्यात घातल्यासारखा आवाज भोंग्यातून साऱ्या पेठेवर गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

नवरदेवाला सामोरा यायला सिद्रामअण्णा त्या चौकातच उभा होता, डोक्याला फेटा, हातात नारळ. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी निभावून नेलं असतं, पण राग नव्हता. दुकानाच्या पायरीवर तो मटकन बसला आणि म्हणाला, "मास्तर, लेकीचं लगीन हाय माझ्या. असं कसं केलंत?"

आणि त्याच्या मागे महबूबचाचा उभा होता. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया. अण्णा स्वतः जाऊन त्याला पत्रिका देऊन आला होता. मी चाचाला वाजवायला बोलावलंच नाही, हे अण्णाला तिथे कळलं होतं, आणि तरीही तो मला एका शब्दानं बोलला नव्हता. चाचा पाहुणा म्हणून आला होता.

बँड आपोआप थांबला. चाचा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात विचारलं, "दगडू, धूप में सूर लगाया क्या रे तू?"

"नाही, चाचा."

"फिर?"

"सावलीत."

त्यानं माझ्या क्लॅरोनेटवर हात ठेवला. ते तव्यासारखं तापलं होतं. मग छत्रीखाली हात घालून गिटारच्या तारांवर बोटं ठेवली. त्या गार होत्या. माझ्या हातातून त्याच क्षणी सगळा मास्तरपणा गळून पडला. उन्हात तापलं की फुंकायच्या वाद्याचा सूर चढतो. सावलीतली तार आहे तिथेच राहते. इतकी वर्षं तो आम्हाला उन्हात उभं करत होता ते यासाठी. तिथेच चढू द्यायचा सूर, आणि चढल्यावर जुळवायचा. आम्ही सावलीत जुळवत होतो आणि उन्हात भांडत होतो.

"नरसिंग, छत्री बंद कर बेटा," चाचा म्हणाला.

"चाचा, लाकूड तडकंल."

"तडकने दे."

छत्री मिटली. चाचानं सगळ्या बँडला भर चौकात उभं केलं. फुंका, वाजवू नका. घोड्यावरचा नवरदेव बाशिंगातून घाम पुसतोय, मुहूर्त जवळ येतोय, भटजींचा निरोप्या दोनदा येऊन गेला, आणि आम्ही सात-आठ फुंकणारे नुसते भुस्स भुस्स वारा घालतोय. प्राध्यापक माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "हा नवा प्रयोग आहे का?"

पाव तासानं चाचानं हात पुढे केला. मी माझं क्लॅरोनेट दिलं. त्यानं माझी पत्ती काढली. वाद्याच्या तोंडाला बांधतात ती वेताची पातळ पट्टी म्हणजे पत्ती. ती ओली लागते, आणि ज्याची त्याची वेगळी असते. चाचानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून स्वतःची पत्ती काढली आणि जिभेवर ठेवली. लग्नाला पाहुणा म्हणून आलेला माणूस खिशात पत्ती घालून येतो, याचा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता.

त्यानं सूर दिला, नरसिंगनं तारा चढवून त्याला मिळवल्या, ट्रम्पेटवाल्यांनी मिळवलं. मग चाचानं दाराकडे, म्हणजे अण्णाच्या गल्लीकडे, बँड चालवत नेला. दारापुढे हात वर केला. बँड गप्प. लांब सूर लागला. त्याचा गाल सुजलेला होता, मला जवळून दिसत होतं. सूर मात्र जसाच्या तसा होता. तो अर्ध्यावर आला तेव्हा चाचानं डोळ्यांनी नरसिंगला खुणावलं, ये. आणि गिटार त्या सुराच्या खालून अलगद वर आली, दोघं हातात हात घालून खाली उतरले आणि ढोल पडला. चाचाला गिटार नको, असं गावभर सांगणारा मीच खोटा होतो. तो म्हाताराच तिला घेऊन चालला होता. मी कोट, झालर सगळं विसरून रडलो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

आता तुम्हाला वाटेल, मग सगळे खूश झाले असतील. छे! वऱ्हाडातली पोरं नाचायची थांबली. म्हणाली, "काय राव, मजाच गेली." आमचे गिरणीवाले म्हणाले, चाचा बेस्टच, पर ती गिटार नसती तर आनखी भारी झालं असतं. शिंपी म्हणाला, चाचाच्या अंगावर कोट नव्हता, म्हणून रंगलं नाही. आणि प्राध्यापक जेवणाच्या पंगतीत माझ्याजवळ येऊन अतिशय दुःखानं म्हणाले, "मास्तर, तुम्ही तडजोड केलीत. हे आता कुणालाही आवडेल." सूर लागला त्या दिवशी आमचे निम्मे चाहते गेले. खूश दोनच माणसं दिसली. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसत होता, आणि महानंदा दाराच्या फटीतून बघत होती.

मी त्याच संध्याकाळी चाचाला म्हणायला हवं होतं, परत या. पण वरातीची गडबड, दुसऱ्या दिवशी अक्कलकोटचं लग्न, तिसऱ्या दिवशी आणखी एक. चौथ्या दिवशी सकाळी मिठाई घेऊन बेगम पेठेत गेलो. चाचा ओट्यावर बसला होता. गालाची सूज उतरलेली. मी पाय धरले आणि सगळं बोलून टाकलं. चुकलो, तुमची जागा तुमची आहे, पहिलं क्लॅरोनेट तुमचंच.

चाचा हसला आणि मला दिसलं. वरचा पुढचा दात नव्हता.

"परसों निकाल्या," तो म्हणाला. "दो महिने रोज सुबू पत्ती भिगो के बैठा मैं. बोला, दगडू आएगा, पूछेगा सूर क्यूं नै लग रहा. तुम लोगां नवी पेठ से जाते थे तो मेरेकू ह्यां तक सुनने कू आता था. पूछता तो एक बात में बता देता था."

"शादी के बाद तो बोलवायला येणार होतो चाचा, म्हणजे..." माझी भाषाही सापडेना.

"हौ. पन तू आया नै. दुखता था बहोत. मैं सोंच्या, अब किसके वास्ते रखने का?" त्यानं मिठाईचा पुडा उघडला, एक तुकडा मला दिला. "चार दिन पैले बोल्या होता तो रख लेता था रे."

त्यानंतर त्यानं वाद्य तोंडाला लावलं नाही. दर लग्नसराईत तो मांडवापर्यंत यायचा, आम्हाला उन्हात उभं करून सूर जुळवून द्यायचा आणि चालत घरी जायचा. नरसिंगच्या गिटारला पुढे खरंच चीर गेली. त्यानं ती कधी बुजवली नाही. मी गावभरच्या प्रत्येक शहाण्याचं ऐकलं, शिंप्याचंसुद्धा. ज्याला कळत होतं त्या एका माणसाला विचारायचं राहून गेलं, कारण त्याची जागा मी घेतली होती.

आता चाचा नाही, नरसिंग नाही, बँडचा ढोल माझ्या माळ्यावर आहे. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात सिद्रामअण्णा भेटला. नव्वदीचा असेल, काठी टेकत आलेला. डीजेच्या भिंतीपुढे आम्ही दोघं कानात कापूस घालून खुर्च्यांवर बसलो होतो. त्यानं माझ्या मांडीवर हात मारला आणि कानाशी येऊन ओरडला.

"मास्तर, ह्ये काय वाजिवणं हाय बे? बँड म्हंजे तुमचा. आन काय ते आपल्या महानंदाच्या लग्नातलं! महबूबचाचा गिटार काय वाजवायचा, राव! तसली गिटार पुन्ना न्हाय ऐकली."

ज्यानं गिटारपायी माझा चहा नाकारला होता तो हा माणूस. दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. चाचा मनापासून हसला असता.

"व्हय अण्णा," मी त्याच्या कानात ओरडलो. "लई गोड वाजवायचा."